जैविक वयाचा आकडा विकायचा, तर त्याची चूकही छापा

"तुमचे वय ५२ वर्षे, तुमचे जैविक वय ४६.३ वर्षे." शरीर प्रत्यक्षात किती वयाचे वाटते हे सांगणारा असा अहवाल आज घरबसल्या मिळतो. बोटाला टोचून काढलेले रक्ताचे थेंब किंवा थोडी लाळ टपालाने पाठवायची, काही आठवड्यांनी आकडा येतो. मग सहा महिने एखादी पूरक गोळी घ्यायची आणि पुन्हा नमुना पाठवायचा. या वेळी आकडा ४३.८ आला, तर गोळीने वय अडीच वर्षांनी मागे नेले असे मानले जाते आणि गोळी चालू राहते.

या व्यवहारातली यंत्रे खरी आहेत, आकडेमोड खरी आहे, तिच्यामागचे संशोधनही दर्जेदार आहे. शेवटचा निष्कर्ष मात्र त्या संशोधनातून निघत नाही. म्हणून तीन गोष्टी कायद्याने व्हायला हव्यात असे माझे ठाम मत आहे. जैविक वयाचा आकडा व्यक्तीला देताना त्याची चूक-मर्यादा त्याच आकाराच्या अक्षरांत छापणे बंधनकारक असावे. 'वय कमी झाले' हा दावा औषधाचा दावा मानून त्याला औषधाइतकाच पुरावा मागावा. आणि विमा, नोकरी, कर्ज यांचे निर्णय घेताना हा आकडा वापरायला मनाई असावी. चाचणीवर बंदी मी मागत नाही. हजारो लोकांच्या गटांची तुलना करताना ती उपयोगाची आहे. एका माणसाच्या दोन नमुन्यांची तुलना करताना काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

आधी आकडा येतो कुठून? डीएनएच्या साखळीतल्या चार अक्षरांपैकी सायटोसिनच्या लगेच पुढे जिथे ग्वानिन असतो, तिथे सायटोसिनला मिथाइल गट ही छोटी रासायनिक खूण चिकटू शकते. मानवी जनुकसंचात अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत. वय वाढते तसे काही जागांवरचे मिथाइलचे प्रमाण वाढते, काहींवरचे घटते. प्रयोगशाळेत डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. तिच्यात मिथाइल नसलेल्या सायटोसिनचा युरॅसिल होतो, मिथाइल असलेला तसाच राहतो. मग चिपवर लाखो जागा एकदम वाचल्या जातात आणि प्रत्येक जागेसाठी शून्य ते एक यांमधला एक आकडा मिळतो: नमुन्यातल्या डीएनएच्या किती प्रतींवर त्या जागी मिथाइल सापडले. स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये सुमारे ८,००० नमुने वापरून अशा ३५३ जागा निवडल्या, प्रत्येकीला भारांक दिला आणि त्यांच्या बेरजेवरून वय सांगून दाखवले. ५१ प्रकारच्या ऊती आणि पेशींमध्ये हे सूत्र चालले. मध्यक चूक ३.६ वर्षे होती. जीवशास्त्रातला हा थक्क करणारा शोध होता आणि आजही आहे.

अशा सूत्राला घड्याळ म्हणतात. पण हे घड्याळ जन्मतारीख ओळखायला शिकवलेले होते. असे घड्याळ जितके अचूक होईल, तितका त्याचा आकडा जन्मतारखेशी जुळेल आणि 'जैविक' म्हणून उरणारा फरक शून्याकडे जाईल. २०१९ मध्ये हेच दिसले. खूप मोठ्या नमुनासंख्येवर घडवलेले घड्याळ वय जवळजवळ बिनचूक सांगू लागले आणि त्याच वेळी त्याच्या फरकाचा मृत्यूच्या जोखमीशी असलेला संबंध विरत गेला. म्हणजे सुरुवातीच्या घड्याळांतला जो भाग आपण शरीराची झीज म्हणून वाचत होतो, त्यात मोजमापाची आणि सूत्राची चूकही मिसळलेली होती.

पुढच्या पिढीची घड्याळे म्हणून वेगळ्या पद्धतीने घडवली गेली. २०१८ च्या फीनोएजने आधी नऊ नेहमीच्या रक्तचाचण्या आणि वय यांवरून मृत्यूची जोखीम काढली आणि मग ती जोखीम ५१३ मिथाइल-जागांवरून ओळखायला सूत्राला शिकवले. २०१९ च्या ग्रिमएजने रक्तातली काही प्रथिने आणि धूम्रपानाचा इतिहास मिथाइलच्या खुणांवरून अंदाजला. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास दशकानुदशके चालू आहे. त्यांच्या अवयवांची घसरण किती वेगाने झाली यावरून २०२२ मध्ये ड्युनेडिनपेस हे १७३ जागांचे सूत्र तयार झाले. ते वय सांगत नाही, वय वाढण्याचा वेग सांगते. ही सूत्रे मृत्यू आणि आजारांचे भाकीत हॉर्व्हाथ यांच्या घड्याळापेक्षा बरे करतात, पण ते भाकीत गटाचे असते. फीनोएजच्या मुळाशी असलेल्या नऊ चाचण्यांकडेही जरा पाहावे. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ग्लुकोज, सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, पांढऱ्या पेशींची संख्या अशा त्या चाचण्या कोणत्याही प्रयोगशाळेत होतात, आणि त्यांपैकी एखादी बिघडली तर कोणत्या अवयवाकडे पाहायचे हे डॉक्टरला कळते. सगळे एका आकड्यात ओतले की ही दिशा हरवते.

आता चुकीकडे वळू. २०२२ मध्ये सहा प्रसिद्ध घड्याळे तपासली गेली. एकाच नमुन्याचे दोन भाग करून दोनदा मोजले, तर दोन उत्तरांत ३ ते ९ वर्षांपर्यंत फरक पडू शकत होता. माणूस तोच, रक्त तेच, दिवस तोच. याची कारणे साधी आहेत. बायसल्फाइटच्या प्रक्रियेत डीएनए तुटतो आणि रूपांतर कधी कमीअधिक होते. चिपवरचे काही शोधक कमकुवत असतात. वेगवेगळ्या दिवशी चालवलेल्या तुकड्यांत यंत्राचा कल बदलतो. आणि घड्याळ मोजक्या जागांवर उभे असल्याने दोनचार जागा डळमळल्या तरी बेरीज हलते. त्याच संशोधकांनी उपायही दिला: सुट्या जागांऐवजी हजारो जागांचे एकत्र कल वापरायचे. त्या पद्धतीने बहुतेक जोड्या दीड वर्षाच्या आत जुळल्या. म्हणजे चांगले मोजता येते. मात्र आपला आकडा जुन्या सूत्राने काढला की सुधारलेल्या, हे घेणाऱ्याला अहवालातून कळायला हवे.

यातले गणित कोणालाही करता येते. एकच गोष्ट पुन्हापुन्हा मोजल्यावर येणारे प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरांची सरासरीभोवतीची पसरण, २ वर्षे असेल, तर दोन मोजण्यांतला फरक खरा मानण्यासाठी तो १.९६ गुणिले दोनाचे वर्गमूळ गुणिले २, म्हणजे सुमारे साडेपाच वर्षांहून मोठा हवा. सुरुवातीच्या उदाहरणातला अडीच वर्षांचा फरक त्याच्या निम्माही नाही. विचलन ०.८ वर्षांवर आणले तर सीमा २.२ वर्षांची होते आणि अडीच वर्षांचा फरक जेमतेम पलीकडे जातो. पण ही फक्त यंत्राची चूक झाली. शरीराचा रोजचा चढउतार हिच्यात धरलेला नाही. शिवाय एक सांख्यिकीय सापळा आहे: पहिला आकडा वाईट आलेलाच माणूस बहुधा गोळी घेतो आणि पुन्हा चाचणी करतो. पहिला आकडा चुकीमुळे वर गेला असेल, तर दुसरा आपसूक सरासरीकडे खाली येतो. गोळीत काहीही नसले तरी येतो. तुलनेचा गट नसेल, तर गोळीचा परिणाम आणि ही आपसूक घसरण वेगळी काढता येत नाही.

शरीराचा चढउतारही किरकोळ नसतो. २०२३ च्या एका अभ्यासात खुब्याच्या अस्थिभंगावर तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचे जैविक वय दुसऱ्या दिवशी वाढलेले आणि आठवडाभरात पुन्हा पूर्वीच्या जागी आलेले दिसले. गर्भारपणात आणि तीव्र कोविडमध्येही असाच चढ आणि नंतर उतार आढळला. आठवड्यात वर जाऊन खाली येणाऱ्या गोष्टीला आपण वय म्हणत नाही. दाह, ताण आणि रक्तातल्या पेशींचे बदललेले मिश्रण यांची खूण तिच्यात पडलेली असते. पेशींच्या मिश्रणाचा मुद्दा तर पायाचाच आहे. एकाच माणसाच्या रक्तातल्या, अजून कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या सीडी८ टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याच्याच अनुभवी स्मृतिपेशींपेक्षा घड्याळावर १५ ते २० वर्षांनी तरुण दिसतात. सर्दीतापानंतर या दोन प्रकारांचे प्रमाण थोडे हलले, तरी संपूर्ण रक्ताचा आकडा हलणार, कोणतीही एक पेशी म्हातारी वा तरुण न होता.

सगळ्यांत बोलका पुरावा नियंत्रित चाचणीतला आहे. कॅलरी नावाच्या चाचणीत लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० निरोगी प्रौढांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले गेले. एका गटाला दोन वर्षे उष्मांक २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितले. प्रत्यक्षात सरासरी घट सुमारे १२ टक्के झाली. पुढे त्यांच्या साठवलेल्या रक्तावर तीन घड्याळे लावली. ड्युनेडिनपेसचा वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावला. फीनोएज आणि ग्रिमएज जागचे हलले नाहीत. रक्त एकच, माणसे तीच, हस्तक्षेप तोच, आणि उत्तरे वेगळी. संशोधकांनी तिन्ही निकाल प्रसिद्ध केले म्हणून हे आपल्याला कळले. तीनपैकी सोयीचे एकच घड्याळ निवडून त्याचा निकाल छापायला व्यापारी अहवालाला आज कोण अडवते?

मिथाइलवरून आता चयापचयाकडे येतो, कारण गोळ्या विकल्या जातात त्या चयापचयाच्या नावाने, आणि तिथे चूक आणखी खोल आहे. जिवंत पेशीची ओळख तिच्यात कोणता रेणू किती आहे यावर ठरत नाही. तो रेणू किती वेगाने येतो आणि जातो, यावर ठरते. शरीरात एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, साठा कोणत्याही क्षणी फार तर दोनअडीचशे ग्रॅम असतो, पण दिवसभरात तयार होऊन खर्च होणाऱ्या एटीपीचे वजन जवळपास माणसाच्या वजनाइतके भरते. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात ग्लुकोज अवघा चार ग्रॅम असतो आणि उपाशीपोटी यकृत ताशी आठ ग्रॅमच्या आसपास रक्तात सोडत असते, म्हणजे अर्ध्या तासात सगळा साठा बदलतो. रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३० च्या दशकात जड हायड्रोजन आणि जड नायट्रोजन वापरून दाखवले की स्थिर वाटणारी चरबी आणि प्रथिनेही सतत मोडत आणि बनत असतात. प्रौढ शरीर रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिन बनवते आणि जवळपास तितकेच मोडते. अशा प्रवाहातून एका क्षणी घेतलेला नमुना फक्त पातळी सांगतो. हौदात पाणी किती हे पाहून नळ किती सुटला आहे आणि गळती किती आहे, हे कसे कळणार?

सरावातले उदाहरण घ्या. दोघांची उपाशीपोटीची रक्तशर्करा ९० आहे. एकाचे इन्सुलिन ४, दुसऱ्याचे २०. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागले की इन्सुलिन-रोधाचा ढोबळ निर्देशांक मिळतो: पहिल्याचा ०.९, दुसऱ्याचा ४.४. शर्करेच्या अहवालात दोघे जुळे दिसतात, पण दुसऱ्याचे स्वादुपिंड तोच आकडा राखायला पाचपट इन्सुलिन ओतते आहे.

शरीरात वयाची बिनचूक नोंद होते ती कुठे, हे इथे सांगण्याजोगे आहे. सजीव प्रथिनांत डावखुरी अमिनो आम्ले वापरतात. अॅस्पार्टिक आम्लाचा डावखुरा रेणू कालांतराने आपोआप उजवा होत जातो. दातांच्या डेंटिनमध्ये हे दर वर्षी सुमारे ०.१ टक्का या गतीने घडते. न्यायवैद्यक तज्ज्ञ यावरून मृताचे वय काढतात. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातल्या प्रथिनांतही हेच होते. हे घड्याळ इतके नेमके चालते, कारण त्या जागी चयापचय पोचतच नाही. एकदा बनलेले प्रथिन जन्मभर बदलले जात नाही. जिथे दुरुस्ती आणि बदल चालू आहे, तिथे असे सरळ घड्याळ मिळण्याची अपेक्षा करणेच चूक आहे.

एनएडीची गोष्ट या दृष्टीने वाचावी. हा सहएन्झाइम १९०६ मध्ये हार्डन आणि यंग यांच्या यीस्टवरच्या कामातून पुढे आला. ग्लुकोज जाळताना निघणारे इलेक्ट्रॉन तो वाहून नेतो, आणि डीएनए दुरुस्त करणारी तसेच प्रथिनांवरचे अॅसिटाइल गट काढणारी एन्झाइमे त्याला खर्चून टाकतात. वयानुसार काही ऊतींत त्याचे प्रमाण घटते. सीडी३८ हे दाहासोबत वाढणारे एन्झाइम त्याला वेगाने फोडते, हे त्याचे एक कारण. यावरून एनएडीची कच्ची सामग्री गोळीतून द्यावी ही कल्पना निघाली: निकोटिनामाइड रायबोसाइड किंवा एनएमएन. रोज १,००० मिलिग्रॅम रायबोसाइड सहा आठवडे दिल्यावर रक्तपेशींतले एनएडी सुमारे ६० टक्क्यांनी वाढले, हे खरे आहे. पण लठ्ठ पुरुषांना रोज २,००० मिलिग्रॅम बारा आठवडे दिल्यावर इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रियांच्या छोट्या चाचणीत २५० मिलिग्रॅम एनएमएनने दहा आठवड्यांत स्नायूंची संवेदनशीलता सुधारली, तरी वजन आणि रक्तदाब होते तसेच राहिले. उंदरांवर खुणेचे अणू वापरून पाहिले तर तोंडावाटे दिलेला हा माल बहुतांशी यकृतातच निकोटिनामाइडमध्ये मोडतो. इतर अवयवांना पोचते ते मुख्यतः तेवढेच. रक्तातला आकडा वाढणे आणि स्नायूत किंवा मेंदूत काही सुधारणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर अजून कापले गेलेले नाही.

एनएडी मोजणेही वाटते तितके सोपे नाही. त्याचे ऑक्सिडीकृत रूप आम्लात टिकते आणि अल्कलीत नष्ट होते. क्षपित रूपाचे नेमके उलट. म्हणून दोन्ही मोजायची तर एकाच नमुन्याचे दोन भाग वेगवेगळ्या द्रावणांत काढावे लागतात, आणि तेही रक्त काढताच, पेशीतली एन्झाइमे थंडीने थांबवून. टपालाने प्रवास केलेल्या नमुन्यात उरलेला आकडा प्रवासाचाही असतो. साध्या ग्लुकोजचेच पाहा. नळीत रक्त तसेच ठेवले तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि खोलीच्या तापमानाला ताशी ५ ते ७ टक्के घट होते. सोडियम फ्लोराइड घातले तरी ते ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतल्या (ग्लायकोलिसिस) शेवटाकडच्या इनोलेज या एन्झाइमला अडवते, वरच्या पायऱ्या तास-दोन तास चालूच राहतात. शंभर वर्षे रोज मोजल्या जाणाऱ्या रेणूची ही अवस्था आहे.

टॉरिन या अमिनो आम्लाचा धडा तर ताजाच आहे. २०२३ मध्ये एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले की वयानुसार रक्तातले टॉरिन मोठ्या प्रमाणात घटते आणि ते पुरवल्यास उंदीर अधिक जगतात. टॉरिनच्या पुड्या बाजारात होत्याच, त्यांच्यावर नवे दावे आले. २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने माणसे, माकडे आणि उंदीर यांची मोजणी दिली. तिच्यात तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा मोजली होती. टॉरिन घटले नव्हते. बऱ्याच गटांत ते स्थिर किंवा किंचित वाढलेले होते, आणि व्यक्तीव्यक्तींतला फरक वयाच्या परिणामापेक्षा मोठा होता. वेगवेगळ्या वयाच्या वेगवेगळ्या लोकांची एकदाच तुलना करणे आणि तीच माणसे म्हातारी होताना मोजणे, या दोन अभ्यासांची उत्तरे अशी विरुद्ध येऊ शकतात. पहिल्या प्रकारच्या अभ्यासावर माल विकू देणे ही धोरणाची चूक आहे. तिचा दोष संशोधकांवर टाकता येत नाही. विज्ञानाने आपली दुरुस्ती दोन वर्षांत केली.

"गोळी निरुपद्रवी आहे, मग एवढा आग्रह कशाला?" असे विचारले जाते. याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडले की मुक्त मूलकांच्या, म्हणजे चयापचयात निघणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंच्या, माऱ्याने शरीर झिजते. त्यातून मुक्त मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांची लाट आली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. २००९ मध्ये दिसले की व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले तर व्यायामाने सुधारणारी इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारतच नाही, कारण स्नायूतले तेच मुक्त मूलक जुळवून घेण्याचा निरोप देणारे असतात. कागदावर खूण, म्हणजे आजाराऐवजी मोजलेला आकडा, सुधारून माणसे दगावल्याचेही दाखले आहेत. टॉरसेट्रॅपिब या औषधाने 'चांगले' कोलेस्टेरॉल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढवले. १५,००० हून अधिक रुग्णांची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली: औषधाच्या गटात एकूण ९३ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात ५९.

तरीही खूण वापरूच नये असे म्हणणे मला मान्य नाही. मधुमेहात मोजला जाणारा एचबीए१सी पाहा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला ग्लुकोज एन्झाइमविना चिकटते आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा दोनतीन महिन्यांची सरासरी सांगतो. इथे खूण आणि कारण यांच्यातले रसायन ठाऊक आहे. १९९३ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांच्या चाचणीने दाखवले की तो खाली ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंडांची हानी टळते. १९९६ पासून प्रयोगशाळांचे आकडे एकाच मापाला जुळवण्याची यंत्रणा उभी राहिली. तो कुठे फसतो तेही पाठ्यपुस्तकात आहे: लाल पेशी लवकर मोडणाऱ्या रक्तक्षयात तो खोटा कमी येतो, लोहाच्या कमतरतेत खोटा वाढतो. इतके असूनही २००८ मध्ये अॅकॉर्ड चाचणीत, १०,२५१ जणांपैकी ज्यांचा एचबीए१सी ६ च्या खाली रेटण्याचा आक्रमक प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी अधिक झाले. इतकी कसोटी दिलेली खूणसुद्धा किती रेटायची याला मर्यादा निघाली. जैविक वयाने यातली पहिली पायरीही अजून पुरी ओलांडलेली नाही. आकडा खाली आणल्याने आजार किंवा मृत्यू टळतो, असे दाखवणारी एकही चाचणी त्याच्या नावावर नाही.

उंदरांसाठी हे काम नीट होते, हे मला विशेष वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात एकच पदार्थ तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांत, जनुकीय विविधता असलेल्या नर-मादी उंदरांना देतात आणि उंदीर मरेपर्यंत मोजतात. रॅपामायसिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना सुरू करूनही आयुष्य वाढले. २००९ चा हा निकाल नंतरही टिकला. त्याच कसोटीवर द्राक्षांत आढळणारे रेसव्हेराट्रॉल आणि निकोटिनामाइड रायबोसाइड यांनी आयुष्य वाढवले नाही. दोन्ही माणसांना मात्र आजही विकले जातात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: माणसाच्या आयुष्याचा शेवट पाहायचा तर चाळीस वर्षे थांबावे लागेल, म्हणून खुणा हव्यातच. मान्य. पण चाळीस वर्षे थांबावे लागत नाही. ६५ ते ७९ वयाच्या ३,००० लोकांना मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध किंवा नकली गोळी देऊन सहा वर्षांत हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश आणि मृत्यू मोजायचे, अशा चाचणीची आखणी काही वर्षांपूर्वीच झाली आहे. सहा वर्षे हा काळ सार्वजनिक आरोग्याच्या निर्णयांसाठी मोठा नाही. त्याच चाचणीत दर वर्षी घड्याळेही मोजली तर कोणते घड्याळ आजाराच्या आधी आणि आजाराच्या दिशेने हलते, ते कळेल. तिसरा आक्षेप असा की वाईट आकड्याने माणूस हलतो, चालायला लागतो. तसे व्हायचे असेल तर हाताच्या पकडीचे बळ मोजा. २०१५ मध्ये १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या अभ्यासात पकड दर ५ किलोने कमी असताना मृत्यूची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त दिसली. चालण्याचा वेग, खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागणारे सेकंद, रक्तदाब, कंबरेचा घेर: या मोजण्या फुकट किंवा नाममात्र खर्चात होतात, त्यांची चूक ठाऊक आहे आणि बिघाड दिसला तर पुढे काय करायचे हेही ठाऊक आहे.

मग नियम नेमका काय असावा? अहवालाच्या पहिल्या पानावर ४६.३ असा एकच आकडा न देता '४१ ते ५२' असा पल्ला द्यावा. कोणते सूत्र, त्याची कोणती आवृत्ती, एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांत किती फरक येतो, आणि किती फरकाला खरा बदल मानावा, हे त्याखाली असावे. नमुना काढण्याआधीच्या आठवड्यांतला ताप, लस, शस्त्रक्रिया आणि गर्भारपण विचारून नोंदवलेले असावे. पेशींच्या मिश्रणाचा हिशेब केला की नाही, ते लिहिलेले असावे. सूत्र कोणत्या लोकसमूहाच्या नमुन्यांवर घडवले तेही सांगावे, कारण ज्यांचे नमुने त्यात नव्हतेच त्यांच्यासाठी भारांक तसेच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. चाचणी आणि गोळी एकाच विक्रेत्याने विकू नये. मोजणाऱ्याला निकालात आर्थिक रस असला की सोयीचे घड्याळ निवडण्याचा मोह होतो.

विम्याबाबत मी सवलत द्यायला तयार नाही. गटासाठी बनवलेले सूत्र विमा कंपनीला सरासरीत फायदा देईलही, कारण तिच्याकडे लाखो ग्राहक असतात आणि चुका एकमेकींना खोडतात. ग्राहक मात्र एकटा असतो. त्याच्या वाट्याला आलेली पाच वर्षांची चूक खोडायला दुसरा कोणी नसतो, आणि तिच्यापायी तो वर्षानुवर्षे जास्त हप्ता भरत राहतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी नमुना दिलेल्या माणसाला म्हातारा ठरवून त्याच्याकडून जास्त हप्ता घेणे अन्यायाचे आहे.

आणि पैसा? मेटफॉर्मिनचे पेटंट केव्हाच संपले आहे. ते वार्धक्यावर चालते असे सिद्ध झाले तरी कोणत्याही कंपनीला त्यातून मोठा नफा नाही, म्हणून ती चाचणी निधीअभावी वर्षानुवर्षे अडून राहिली. ज्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचे आहे आणि कोणाच्याच नफ्याचे नाही, त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीने उचलायचा असतो. जैविक वयाच्या प्रत्येक विकलेल्या चाचणीवर आणि वार्धक्यरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पूरक गोळीवर छोटा अधिभार लावून तो फक्त मेटफॉर्मिनसारख्या चाचण्यांसाठी राखून ठेवावा. घड्याळे घडवणाऱ्या बहुतेक संशोधकांना अशाच चाचण्यांची विदा हवी आहे. ती मिळाली तर कोणते घड्याळ ठेवायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे त्यांना स्वतःलाच ठरवता येईल.